गिरणीच्या पिठाचा घरचा ब्रेड : आठ महिन्यांचा अनुभव

ब्रेडसाठी महागडं वेगळं पीठ आणायची गरज नाही, हे आधीच सांगून टाकते. मी नोव्हेंबरात सुरुवात केली, आता जुलै चालू आहे. आठवड्याला दोन ब्रेड घरी होतात. पहिले दोन महिने मी ऑनलाइन १४० रुपये किलोचं ‘ब्रेडचं पीठ’ मागवत होते. तिसरं पाकीट फोडलं तर आत सोंडे. परत करायची मुदत टळून गेलेली, पैसे गेले ते गेलेच. त्या दिवशी आई (माझ्या सासूबाई) म्हणाल्या, “अगं, यार्ड इथून किती लांब आहे? गहू आणून दळून बघ की.”

सोलापूरच्या मार्केट यार्डातल्या भुसार दुकानातून लोकवन, शरबती आणि खपली असे एकेक किलो गहू आणले. लोकवन म्हणजे मूळचा ‘लोक-१’. गुजरातेत सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत तो तयार झाला, म्हणून हे नाव. आपल्याकडं चपातीला बऱ्याच घरांत हाच गहू असतो. तिन्ही वेगवेगळे दळून आणले आणि ब्रेड करायच्या आधी एक परीक्षा घेतली. ती सगळ्यांनी एकदा तरी करून बघावी.

१०० ग्रॅम पीठ घट्ट मळून अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवायचं. मग त्याच पाण्यात गोळा हलक्या हातानं चोळत राहायचं. पाणी दुधासारखं पांढरं होतं, ते टाकून नवीन घ्यायचं. चार-पाच पाण्यांनंतर हातात राहतो तो चिवट, करडा, रबरासारखा ताणला जाणारा गोळा म्हणजे ग्लुटेन. यीस्टचा वायू हाच धरून ठेवतो, म्हणून ब्रेड फुगतो. लोकवनचा गोळा लिंबाएवढा निघाला आणि ओढला की परत आखडत होता. शरबतीचा जरा लहान आणि मऊ निघाला. खपलीचा मात्र हातातच तुटून तुटून गेला. आई शेजारी बसून बघत होत्या. म्हणाल्या, “कुरडईचा चीक काढल्यावर मागं चोथा राहतो ना, त्यातलाच हा चिवट भाग.” इतकी वर्षं जे आपण म्हशीला घालत आलो, त्यावरच ब्रेड उभा राहतो हे मला तेव्हा कळलं. खपली चवीला फार छान, खीर-लापशीला तिच्यासारखा गहू नाही. पण नुसत्या खपलीचा ब्रेड डब्यात बसकाच राहतो.

लोकवन ठरल्यावर शेजारच्या दोघींबरोबर ५० किलोचं पोतं घेतलं. किलोला ३६ रुपये पडला. सुटा घेतला असता तर चार-पाच रुपये जास्त गेले असते.

निम्मं काम गिरणीत होतं. ज्वारी किंवा डाळीच्या मागं आपला गहू लावला तर सुरुवातीचं किलोभर पीठ मिसळून येतं. चपातीला ते चालून जातं, ब्रेड मात्र बसतो. म्हणून मी गव्हाच्याच चक्कीवर, कुणाच्या तरी गव्हामागं नंबर लावते. पीठ अगदी बारीक घेते. गिरणीवाल्या काकांनी एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगितली, “वहिनी, गरम पीठ डब्यात कोंडू नका, घाम सुटतो त्याला.” तेव्हापासून घरी आल्यावर जुन्या सुती साडीवर पीठ पसरते आणि गार झाल्यावरच भरते. एका वेळी पाच किलोच दळते, कारण कोंड्यासकट पीठ उन्हाळ्यात तीन आठवड्यांत कडसर वास मारायला लागतं.

आता प्रमाण. पीठ ५०० ग्रॅम, पाणी ३७० मिली, मीठ ९ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ४ ग्रॅम, शेंगदाणा तेल एक मोठा चमचा, गूळ एक लहान चमचा. गिरणीचं पीठ विकतच्या मैद्यापेक्षा बरंच जास्त पाणी पितं, त्यामुळं मैद्याच्या कृतीतलं पाणी घेतलं की विटेसारखा ब्रेड होतो. माझे पहिले तीन तसेच झाले. पीठ मैद्याच्या चाळणीनं चाळून जो ४०-५० ग्रॅम कोंडा निघतो तो गरम पाण्यात भिजवते (हे पाणी ३७० मधलंच) आणि मळणं संपत आल्यावर घालते. कोरडा कोंडा ग्लुटेनचे धागे कापतो, भिजला की मऊ पडतो. पीठ-पाणी कालवून अर्धा तास नुसतं झाकून ठेवलं तर तिंबायचे कष्टही निम्म्यावर येतात.

सोलापूरच्या हवेत कृतीतली वेळ पाळण्यात अर्थ नाही, पीठ बघायचं. जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या जत्रेच्या) दिवसांत पीठ दोन-अडीच तास हलत नव्हतं. मग पातेलं चादरीत गुंडाळून ठेवायला लागले. आपली सोलापुरी चादर ऊब छान धरते. मे महिन्यात उलटं झालं. स्वयंपाकघरात ३८ अंश, पाऊण तासात पीठ पातेल्याबाहेर, दारूसारखा वास आणि ओव्हनमध्ये ठेवल्यावर मध्ये खड्डा. दोन ब्रेड असे वाया गेल्यावर यीस्ट २ ग्रॅमवर आणलं, पाणी माठातलं घेतलं आणि रात्री पीठ फ्रिजमध्ये ठेवून पहाटे पाचला भाजायला सुरुवात केली. चव उलट वाढलीच, कारण सावकाश आंबलेल्या पिठाला एक गोडसर वास येतो.

मला स्वतःला सगळ्यात जास्त आनंद दिला तो ज्वारीच्या ब्रेडनं. मालदांडी ज्वारीच्या मुलखात राहून, मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेलं असताना, ब्रेडमध्ये ज्वारी नको हे मनाला पटत नव्हतं. ज्वारीत ग्लुटेन नाही. १०० ग्रॅम पीठ तसंच मिसळलं तर ब्रेड कापताना भुगा झाला. आईंचं माहेर मंगळवेढ्याचं. त्यांनी तो तुकडा बोटांत चुरून बघितला आणि म्हणाल्या, “ज्वारीला आधण लागतं गं. गार पाण्यात भाकरी तरी होते का?” तिथंच उत्तर मिळालं. आता १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठावर १५० मिली उकळतं पाणी ओतून उलथन्यानं घोटते, झाकून पूर्ण गार करते आणि ती उकड ४०० ग्रॅम गव्हाच्या पिठात मळते. वरचं पाणी तेवढं कमी करते. उकळत्या पाण्यानं ज्वारीतला स्टार्च फुगतो आणि पाणी धरून ठेवतो, त्यामुळं हा ब्रेड नुसत्या गव्हाच्या ब्रेडपेक्षा दोन दिवस जास्त मऊ राहतो. भाजताना घरभर भाकरीचा वास सुटतो. वर लोणी आणि शेंगाचटणी लावून मुलं डब्यात नेतात.

ओव्हनबद्दल थोडक्यात. २८ लिटरचा साधा ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) पुरतो. माझ्या ओटीजीची खालची कांडी जास्त तापते, म्हणून खालच्या खणात रिकामा ट्रे ठेवते. २०० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं. बाहेर काढून बुडाला टिचकी मारली की पोकळ आवाज आला पाहिजे. दबका आला तर अजून पाच मिनिटं.

खर्च लिहून ठेवला आहे. दळणासकट पीठ २१ रुपये, यीस्ट, तेल, गूळ मिळून ८, वीज साधारण एक युनिट म्हणजे १०-१२. चाळीसच्या आसपास जातात आणि ८०० ग्रॅमचा ब्रेड मिळतो. बाजारात ४०० ग्रॅमचा ब्राऊन ब्रेड मी ५० ला घेत होते.

पाव मात्र या पिठाचा जमलेला नाही. सहा वेळा केला. चव उत्तम, पण मिसळीत बुडवायला लागतो तसा हलका होत नाही. अर्धा मैदा घातला तर बराच जवळ जातो. रविवारी मिसळ असली की पाव अजून कोपऱ्यावरच्या बेकरीतूनच येतो. पोतं संपत आलंय. पुढच्या पोत्यात आणखी एक शेजारीण येते म्हणालीय, तिला लोकवनसोबत थोडी खपलीही हवी आहे. तेव्हा पाव किलो खपली लोकवनमध्ये मिसळून एकदा बघणार आहे.