ट्रम्पेटचं क्लीनिंग किट: नवशिक्यांनी घ्याच, फक्त पॉलिशची बाटली बाजूला ठेवा

ट्रम्पेट नवीन शिकणाऱ्यांसाठी जे तयार किट मिळतं ना, स्नेक ब्रश, माउथपीसचा ब्रश, व्हॉल्व्ह केसिंगसाठी (बोटांनी दाबायचे व्हॉल्व्ह ज्यात बसतात ती नळकांडी) जाडा ब्रश, व्हॉल्व्ह ऑइल, स्लाईड (सरकवून काढता येणाऱ्या नळ्या) ग्रीस, फडकं आणि पॉलिश, ते मी बरेच महिने वापरतेय म्हणून सविस्तर लिहिते.

सगळ्यात भारी स्नेक. लांब लवचिक तार आणि दोन्ही टोकांना ब्रश. मेन ट्यूनिंग स्लाईड (सूर जुळवायची मोठी नळी) काढून माउथपीसच्या बाजूच्या नळीतून तो फिरवला की हिरवट चिकट घाण निघते, एवढी की बघून अंगावर काटा येतो. ती आत साचू दिली तर पितळेतलं जस्त हळूहळू निघून जातं आणि गुलाबी-लालसर डाग पडतात, ह्यालाच रेड रॉट म्हणतात, आणि एकदा नळी आतून खाल्ली गेली की घासून काही होत नाही, ती बदलावीच लागते. तारेवरचं प्लास्टिक कुठे फाटलंय का तेवढं दर वेळी बघा, उघडी तार आतून ओरखडे काढते.

किटमधला माहितीचा कागद मात्र अगदीच त्रोटक, व्हॉल्व्हबद्दल जेमतेम एक ओळ! आणि नवीन माणसाची गोची तर तिथेच होते. व्हॉल्व्हवर बहुतेक वेळा 1, 2, 3 कोरलेलं असतं, 1 म्हणजे माउथपीसच्या बाजूचा, त्याच क्रमाने फडक्यावर मांडून ठेवायचे. परत बसवताना हलकेच फिरवायचं, गाईड (व्हॉल्व्हवरचा छोटा उंचवटा) खाचेत बसला की टक् असं जाणवतं, जोर अजिबात लावायचा नाही. मग फुंकून बघा, हवा अडत असेल तर एखादा व्हॉल्व्ह उलटा बसलाय किंवा दोघांची अदलाबदल झालीये. स्लाईड ओढताना तिचा व्हॉल्व्ह दाबून धरा नाहीतर आत व्हॅक्यूम होऊन पॉप असा आवाज येतो. आणि पाणी कोमटच घ्या, कढत पाण्याने लॅकर (पितळेवरचा संरक्षक थर) निघतं. व्हॉल्व्हवरचे फेल्ट (मऊ कापडी चकत्या) भिजवू नका.

ऑइल छान पातळ आहे, व्हॉल्व्ह मस्त पळतात. ग्रीस मात्र घट्ट आहे, मेन स्लाईडला एकदम बरोबर पण तिसरी स्लाईड वाजवताना बोटाने सरकवावी लागते ना, तिला हे लावलं की ती जड होते. तिथे ग्रीस अगदी कमी लावून वर व्हॉल्व्ह ऑइलचे एकदोन थेंब सोडले की काम होतं.

पॉलिश तर नवशिक्यांच्या किटमध्ये असूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. बरेचसे ट्रम्पेट लॅकरवाले असतात आणि घासायच्या पॉलिशने तो थरच जातो, मग खालचं पितळ काळं पडत राहतं, त्यापेक्षा वाजवून झालं की मऊ फडक्याने पुसा, बास.

माउथपीस अडकला तर किटमध्ये त्यासाठी काहीच नाहीये. पक्कड लावायच्या फंदात पडू नका प्लीज, नळी पिळवटते, ज्याच्याकडे माउथपीस पुलर आहे अशा रिपेअरवाल्याकडे न्या, मिनिटात निघतो.