मोदक, बालू की कलम? मराठी मथळ्यासाठी फॉन्ट निवडताना

बालनाट्याचं पोस्टर, खाऊच्या गाड्याची पाटी, गॅदरिंगची पत्रिका अशा कामांना हाताने काढल्यासारखा खेळकर फॉन्ट हवा असला, तर हे तीन आधी लावून बघा. तिन्ही युनिकोड (म्हणजे कुठल्याही संगणकावर, फोनवर चालणाऱ्या प्रमाण टंकनाचे) आहेत, गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात आणि ओपन फॉन्ट लायसन्स असल्यामुळे धंद्याच्या कामालाही चालतात.

'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'मोदक' सगळ्यांत गुबगुबीत. अक्षरं इतकी फुगलेली की आतली पोकळी जेमतेम रेघेएवढी उरते. मजा तिथेच आणि घोळही तिथेच. फ्लेक्सवर हातभर उंचीचं 'धमाल' झकास दिसतं. तेच टी-शर्टच्या खिशावर छापलं की शाईने फटी बुजतात आणि 'ध' आहे की 'घ' ते कळत नाही. वजन (म्हणजे अक्षराची जाडी) एकच, त्यामुळे दोन-तीन शब्दांपलीकडे वापरू नये. ओळी फार जवळ घेतल्या तर वरचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो.

'बालू २' एक टाइपचाच, पण सोशिक. ४०० ते ८०० अशी पाच वजनं असल्याने मथळा ८००मध्ये आणि तारीख-वेळ ५००मध्ये, असं अख्खं पोस्टर एकाच फॉन्टात निघतं. ओळीची उंची मात्र मुळातच जास्त. ती हाताने कमी करावी लागते. एकच फॉन्ट घ्यायचा तर हाच घ्या.

इंडियन टाइप फाउंड्रीचा 'कलम' हस्ताक्षराच्या वळणाचा, तीन वजनांचा. चित्रकथेतले संवाद, पत्रिकेतला चार ओळींचा मजकूर यांना छान. रस्त्यापलीकडून वाचायच्या पाटीला मात्र किरकोळ पडतो.

तिघांनाही लागू पडणाऱ्या चुका म्हणजे अक्षरांत अंतर वाढवणं (शिरोरेघ तुटते) आणि थेट आउटलाइन, म्हणजे अक्षरांभोवती कड, देणं (जोडांवर आडव्या-उभ्या रेघा उमटतात). आउटलाइन हवीच असेल तर आधी कर्व्ह करा (मजकुराचं चित्राच्या आकारात रूपांतर), आकार वेल्ड करा म्हणजे एकसंध जोडा, मग द्या. 'दुसऱ्या' लिहिताना नुक्तावाला (खाली टिंब असलेला) ऱ, हलन्त, य असं टाइप करा. साधा र घेतलात तर 'दुसर्या' होतं. प्रिंटरकडे फाइल कर्व्ह करूनच पाठवा. त्याच्याकडचं कोरल (डिझाइनचं सॉफ्टवेअर) जुनं असलं तर 'किल्ला'ची वेलांटी जागा सोडते, आणि ते कळतं फ्लेक्स टांगल्यावर.