मोठ्या नावाचे बूट : तळजाईवर आठ महिने

जूनमध्ये घेतले. एक जोड बूट 3,499 रुपयांना आणि दोन टी-शर्ट 799 ला एक. एका प्रसिद्ध व्यक्तीच्या नावाने निघणारा ब्रँड आहे. माझ्या एका जोडावरून अख्ख्या कंपनीला दोष लावणं बरं नाही, म्हणून नाव लिहीत नाही. पुढे ज्यांची नावं घेतली आहेत, त्यांच्यातलाही तो नाही.

वापर म्हणाल तर आठवड्यातून पाच दिवस पहाटे पुण्यातल्या पद्मावतीहून तळजाई टेकडीचा चढ, वर जंगलात दोन फेऱ्या आणि परत. पावसाळा त्यातच निघाला.

टी-शर्ट चांगले आहेत. कापड हलकं, घाम पटकन वाळतो, शिवण कुठे उसवली नाही. छातीवरच्या छापील नावाला मात्र चौथ्या महिन्यात तडे गेले.

बूट पहिले तीन महिने फार सुखाचे होते. टाचेखालची गादी मऊ, उतारावर गुडघे दुखायचे थांबले. ओल्या मुरुमावर पकड ठीक, शेवाळलेल्या फरशीवर अजिबात नाही. ऑक्टोबरमध्ये उजव्या बुटाचा तळ पुढून सुटला. वॉरंटी 90 दिवसांची, ती संपून गेली होती. ग्राहक सेवेतली मुलगी नीट बोलली, पण उत्तर नाहीच. धनकवडीतल्या चांभारकाकांनी बूट उलटा करून दाखवला, तळ नुसता चिकटवलेला. त्यांनी दोन्ही बुटांना गोल टाका मारला, 150 रुपये घेतले. त्यानंतर आजतागायत काही झालेलं नाही.

वाईट मला दुसऱ्याच गोष्टीचं वाटलं. ज्याच्या नावाचा हा ब्रँड, त्या माणसाच्या मुलाखती मी रात्र रात्र ऐकल्या होत्या. कंपनी कशी काढली, गुंतवणूक कुठून आली, पहिलं दुकान कुठे, सगळं मला पाठ. त्या ओळखीवर विसंबून मी बूट घेतले, जणू त्यानेच ते पारखून दिले होते. खोक्यावर निर्माता म्हणून छापलेलं नाव मी तळ सुटल्यावर पहिल्यांदा वाचलं.

प्रसिद्ध नावांचे धंदे असेच दुसऱ्या कंपनीच्या जोडीने उभे राहतात आणि त्यात लपवाछपवी काही नाही. हृतिक रोशनचा एचआरएक्स हा कपड्यांचा ब्रँड 2013 साली एक्सीड या कंपनीबरोबर सुरू झाला, 2016 मध्ये कपडे ऑनलाइन विकणाऱ्या मिंत्राने त्यातला 51 टक्के हिस्सा घेतला. कतरिना कैफची के ब्यूटी ही सौंदर्यप्रसाधनं 2019 पासून नायका या कंपनीच्या जोडीने चालतात. गायिका रिहानाने 2017 मध्ये फेंटी ब्यूटी काढली ती एलव्हीएमएच या फ्रेंच समूहाबरोबर. बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनच्या नावाचे बूट 1985 पासून विकले जातात, पण कंपनी नायकीच. कुणाचा हिस्सा असतो, कुणी नुसतं नाव वापरायला देतं आणि रॉयल्टी घेतं, कुणी जाहिरातीपुरतं. कारखाना बहुतेक वेळा तिसऱ्याचाच. जाहिरात दिशाभूल करणारी असेल तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने जाहिरात करणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीलाही 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केली तर 50 लाखांपर्यंत. तळ सुटला तर मात्र वॉरंटी कार्डच वाचावं लागतं.

माझी बहीण कात्रजला भाजणी आणि गोडा मसाला करून विकते, आता नऊ वर्षं झाली. तिचं भांडवल कुठून आलं, मिरची कोणत्या महिन्यात भरते, दिवाळीनंतर हात कसा अडतो, हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं. गेल्या रविवारी विचारलं. दोन तास बोलत होती. तिच्या पाकिटावर तिचंच नाव आणि घरचा पत्ता आहे. मसाला खारट झाला की माणूस थेट दारात येतो, असं म्हणाली.

टी-शर्ट पुन्हा घेईन, सेल लागला की. बूट या किमतीला नाही घेणार. ज्यांनी आधीच घेतले असतील त्यांनी पावसाळ्याआधी चांभाराकडून टाका मारून घ्या, आणि वॉरंटीची तारीख आजच बघून ठेवा.