महाराष्ट्रातली अग्निशमन सेवा: माणसांना पाच स्टार, व्यवस्थेला तीन

मत आधीच सांगून टाकतो. बंबावरून येणाऱ्या माणसांना पाच पैकी पाच, आणि त्यांच्या मागे जी व्यवस्था आहे तिला तीन. हे दोन स्टार का कापले ते नीट सांगतो, कारण बऱ्याच लोकांना वाटतं की राज्यभर एकच फायर ब्रिगेड आहे आणि 101 लावला की कुठूनही सारखीच सेवा मिळते, तसं अजिबात नाहीये.

आपल्याकडे अग्निशमन हे घटनेच्या 12व्या अनुसूचीत नगरपालिकांच्या कामांत येतं. म्हणजे मुंबईचं दल मुंबई महापालिकेचं, पुण्याचं पुणे महापालिकेचं, एमआयडीसीचं वेगळं, सिडकोचं वेगळं, विमानतळाचं तर पूर्णच वेगळं. वर राज्याचं अग्निशमन सेवा संचालनालय आहे, ते ट्रेनिंग बघतं, इमारतीतली आगीची यंत्रणा तपासणाऱ्या एजन्सींना लायसन्स देतं, मार्गदर्शन करतं, पण गल्लीत येणारा बंब ज्याच्या त्याच्या पालिकेचा. पालिका श्रीमंत असेल तर उंच शिडीची गाडी, चांगले बीए सेट (धुरात श्वास घ्यायला पाठीवर लावायचे हवेचे सिलिंडर नि मास्क), पुरेशी माणसं. नगरपरिषद छोटी असेल तर एखाद-दोन बंब आणि तीच ती चार माणसं आलटून पालटून. आणि ग्रामपंचायत असेल तर स्वतःचं काहीच नाही. उसाच्या फडाला शॉर्टसर्किटने आग लागली की शेजारच्या तालुक्याच्या गावातून नाहीतर साखर कारखान्यातून बंब मागवायचा, तोवर शेतकरीच पाला तोडून आग अडवत असतात. पहिला स्टार इथे गेला. यात बंबावरच्या माणसांचा काडीचा दोष नाही.

आता माणसांचं. आमच्या सोसायटीत मध्यंतरी दलाचे लोक मॉक ड्रिलला आले होते. सब-ऑफिसर साहेब आले ते थेट पंप रूममध्येच गेले, चहा नंतर म्हणाले. पॅनल बघितलं तर मेन पंपाचा स्विच मॅन्युअलवर. आता यात काय मोठंसं असं वाटेल, तर राइझरच्या, म्हणजे मजल्यामजल्यावर आगीसाठी पाणी नेणाऱ्या उभ्या पाइपात पाणी कायम प्रेशरने भरलेलं असायला लागतं, ते प्रेशर छोटा जॉकी पंप धरून ठेवतो, आणि वर कोणी व्हॉल्व्ह उघडला की प्रेशर पडतं नि मेन पंप आपोआप लागतो, पण स्विच ऑटोवर असला तरच. मॅन्युअलवर असला की कोणीतरी खाली धावत येऊन बटण दाबेपर्यंत अकराव्या मजल्यावर होज हातात धरून नुसतं उभं राहायचं. आणि ज्या एजन्सीकडे आमचा मेंटेनन्स होता तिने थोड्याच दिवसांपूर्वी सगळं ओके म्हणून सही-शिक्क्याचा बी फॉर्म, म्हणजे यंत्रणा चालू असल्याचा दाखला, दिलेला! मला अजून संताप येतो त्याचा. साहेबांनी स्विच ऑटोवर केला, एका जवानाला टेरेसवर व्हॉल्व्ह उघडायला पाठवला आणि पंप लागल्याचा आवाज येईपर्यंत तिथून हलले नाहीत. मग आमच्या वॉचमनना जवळ बोलावून म्हणाले, काका, हा स्विच इथून हललेला दिसला तर आधी सेक्रेटरींना फोन करायचा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

नंतर खाली मुलांना होज धरायला दिला. पाणी आलं की तो कापडी पाइप लाकडासारखा ताठ होतो, ब्रांच, म्हणजे पुढचं तोंड, हातातून निसटायला बघते, मागे दुसरा माणूस रेटून उभा नसेल तर धरवतच नाही. हे सगळं बूट, हेल्मेट, पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन धुरात, काळोखात करायचं. सिलिंडरमधली हवा संपत आली की शिट्टी वाजते, मग काम अर्धं राहिलं तरी बाहेर. मी तर बघतच राहिलो.

आणि नुसती आग थोडीच आहे. लिफ्टमध्ये अडकलेले लोक, पावसात पडलेली झाडं, कोसळलेली इमारत, हायवेवर उलटलेला गॅसचा टँकर, रस्त्यावर सांडलेलं ऑइल, विहिरीत पडलेलं जनावर, संक्रांतीच्या आसपास मांजात लटकलेली घार. शिवाय नवीन इमारतींच्या एनओसी. वर्दी आली की निघायचं, ती कसली आहे यावर नखरे नाहीत.

या कामाची किंमत काय असते ते मुंबईने बघितलंय. 14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला, त्यात दलाचे कितीतरी जवान गेले, म्हणून 14 एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात. आणि इतकं मागे कशाला, 2015 मध्ये काळबादेवीला गोकुळ निवासची आग, इमारत कोसळली आणि चार अधिकारी गेले, त्यात खुद्द प्रमुख अधिकारी सुनील नेसरीकर. दलाचा सगळ्यात मोठा अधिकारी स्वतः स्पॉटवर होता, हे मला फार मोठं वाटतं.

दुसरा स्टार तपासणीचा. 2006 चा जो महाराष्ट्र आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे त्यात इमारतीची यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालकाची, भोगवटादाराची, म्हणजे आपलीच, आणि दर वर्षी जानेवारीत नि जुलैत लायसन्सवाल्या एजन्सीचा बी फॉर्म दलाकडे द्यायचा. कल्पना चांगलीच आहे. पण तपासणारी एजन्सी निवडणार आपण, पैसे देणार आपण, आणि कागद खरा की खोटा हे बघायला दलाकडे माणसं कुठायत? सगळ्या सोसायट्यांत असे साहेब पोचणं शक्यच नाही. दर वेळी यातल्या थोड्या इमारती अचानक जाऊन बघायला वेगळी टीम हवी आणि खोटा फॉर्म देणाऱ्याचं लायसन्स गेलंच पाहिजे.

तोवर कमिटीवाल्यांनी एजन्सीचा माणूस आला की स्वतः सोबत उभं राहा, टेरेसचा व्हॉल्व्ह उघडायला लावा, पंप आपोआप लागतो का बघा, डिझेल पंप पण चालवायला सांगा, आणि मगच चेक द्या. आणि खरंच फोन करायची वेळ आली तर 101 किंवा 112, पत्त्यासोबत जवळची खूण, कितवा मजला, कोणी आत अडकलंय का, गॅस सिलिंडर आहे का एवढं सांगा आणि समोरचा ठेवेपर्यंत फोन ठेवू नका, गेटवर एक माणूस उभा करा आणि मधल्या गाड्या आधी काढायला लावा.