खोल पाण्यातली झुंड: दोरी, जुना नकाशा की फिश फाइंडर?

एप्रिल लागला की पवनी-लाखांदूरकडची पोरं विचारायला लागतात, "दादा, ते मशीन घेऊ का?" मशीन म्हणजे फिश फाइंडर, पाण्याखालचा मासा पडद्यावर दाखवणारं यंत्र. मोबाइलवर त्यांनी अमेरिकेतल्या बास माशाचे व्हिडिओ पाहिलेले असतात. मोठ्या धरणात बोट उभी आहे, पडद्यावर २० फूट खाली माशांचा ढग दिसतोय, आणि गळ सोडला की मासा, सोडला की मासा. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचं एवढं पाणी दारात असताना आपल्याला हे का जमू नये, असं वाटणारच. जमतं. पण त्या व्हिडिओतलं अर्धंच आपल्या कामाचं आहे, आणि बहुतेकांचे पैसे दुसऱ्या अर्ध्यावर जातात.

कामाचं अर्धं म्हणजे मासा शोधण्याची रीत. बास उन्हाळ्यात काठ सोडून खोलात उतरतो. टेनेसी नदीवरच्या केंटकी लेकसारख्या धरणांत बुडालेल्या जुन्या नदीपात्राची कड ही त्याची ठरलेली जागा. एका बाजूला १५-२० फुटांवर सपाट तळ, दुसऱ्या बाजूला एकदम खोल पात्र. त्या कडेवर शॅड नावाचे बारीक मासे येतात आणि त्यांच्यामागे बासची झुंड येते. आजूबाजूचं मैलभर पाणी रिकामं असतं आणि सगळा मासा एका अंगणाएवढ्या जागेत उभा असतो. वैनगंगेचं जुनं पात्र गोसीखुर्दच्या पोटात असंच पडलेलं आहे, गाढवी नदीचं इटियाडोह धरणाच्या पोटात. कड आपल्याकडेही आहे.

बिनकामाचं अर्धं म्हणजे पकडण्याची रीत. बास शिकारी मासा, चमकतं-हलतं काही दिसलं की तोंड घालतो. आपल्या धरणात झुंडीनं फिरणारा मोठा मासा म्हणजे कतला, रोहू, मृगळ. कतला पाण्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव गाळून खातो, मृगळ तळाचा गाळ चाळतो. त्यांच्यासमोर रंगीत प्लास्टिकचा मासा दिवसभर नाचवला तरी ते वळून बघत नाहीत. गावातल्या एका पोरानं मजुरीचे पैसे साठवून पेटीभर असले मासे मागवले होते. चार महिन्यांत त्याला एक शिंगाडा (मिशांचा शिकारी मासा) लागला. ती पेटी बघितली की मला अजून वाईट वाटतं, कारण तेवढ्या पैशात त्याचा अर्धा डोंगा झाला असता.

तेव्हा प्रश्न शोधण्याच्या साधनाचा आहे. माझ्यासमोर तीन पर्याय आहेत आणि तिन्ही मी वापरलेत.

दोरी आणि शिसं

पाव किलोचा शिशाचा गोळा, नायलॉनची दोरी, दर दोन हातांवर गाठ, दर दहा हातांवर लाल चिंधी. गोळ्याच्या बुडाला बोटाएवढा खळगा करायचा आणि त्यात धुण्याचा साबण दाबून भरायचा. गोळा तळाला टेकून वर आला की साबणाला तळ चिकटून येतो. काळा चिखल असेल तर तो, रेती असेल तर तिचे कण, मुरूम असेल तर लाल खडे. काहीच चिकटलं नाही आणि साबणावर नुसता ओरखडा दिसला, तर खाली खडक आहे. थोड्या दिवसांनी साबण बघायचीही गरज उरत नाही. चिखलात गोळा बसतो आणि उचलताना धरून ठेवल्यासारखा वाटतो, मुरमावर टक्क लागतो.

मला दोरी धरायला ज्यांनी शिकवलं ते ढिवर काका डोंगा वल्हवता वल्हवता आकडे मोठ्यानं म्हणायला लावायचे. चौदा हात. चौदा. पंधरा. चौदा. उन्हं वर येतात, हात भरून येतात, आकडा हलत नाही. मग एकदम सव्वीस! काका वल्हं उभं धरायचे आणि म्हणायचे, "थांब बाबू, नदी आली." त्या एका आकड्यासाठी सकाळ जाते, पण ती जागा पुन्हा विसरली जात नाही. काठावरचं एखादं झाड आणि त्यामागची टेकडी एका रेषेत धरायची, दुसऱ्या बाजूला अशीच दुसरी रेष धरायची. दोन रेषा जिथे कापतात तिथे पुढच्या वेळी थेट डोंगा नेता येतो.

दोरीचा उणेपणा उघड आहे. ती तळ सांगते, मासा सांगत नाही. कडेवर आज झुंड आहे की नाही हे गळ टाकल्याशिवाय कळत नाही. सुरय पक्षी एकाच जागी पुन्हा पुन्हा सूर मारत असले, पाणकावळे ओळीनं बुड्या घेत असले, तर खाली बारीक मासोळी आहे एवढा अंदाज बांधता येतो.

जुना नकाशा

हा पर्याय कोणी विचारातच घेत नाही, आणि गोसीखुर्दसाठी मी तो सगळ्यात वर ठेवतो. अमेरिकेतला माणूस यंत्रानं जे शोधतो ते आपल्याकडे माणसांना तोंडपाठ आहे. धरणाखाली गेलेली गावं, धानाच्या बांध्या, धुऱ्यावरच्या बाभळी, विहिरी, पांदण रस्ते, हे सगळं बघितलेली माणसं पुनर्वसनाच्या गावठाणात आज राहतात. त्यांच्याजवळ जाऊन बसा.

एका आजोबांनी मला अंगणात काडीनं त्यांचं शेत काढून दाखवलं. ही विहीर, हा नाला, इथे नाला वळायचा आणि वळणावर डोह होता, हा मोह. मी मासे कुठे बसतील ते शोधायला गेलो होतो आणि ते मला मोहाखाली कोण जेवायला बसायचं तेही सांगत होते. त्यांचं सगळं बोलणं होईपर्यंत मी उठलो नाही. पुढे त्या नाल्याच्या वळणावर दोरी टाकली तर नऊ हातांवरून सोळा हात. तिथे मला सलग तीन आठवडे मृगळ मिळाले.

माणूस नाही भेटला तर गावाचा महसुली नकाशा मिळवा, त्यात नाले आणि रस्ते असतात. गूगल अर्थवर मागच्या वर्षांची उपग्रह चित्रं उघडता येतात. पाणी चढण्याआधीचं किंवा ऐन मे महिन्यातलं चित्र निवडा आणि आजच्या पाण्यावर ताडून बघा. सगळ्यात सोपं म्हणजे मे-जूनमध्ये पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या काठावर मोबाइल घेऊन फिरायचं आणि दिसेल त्या खोडाचा, खड्ड्याचा, बांधाचा फोटो काढून जागा नोंदवायची. दिवाळीत तिथेच दहा हात पाणी असतं.

फिश फाइंडर

यंत्र पाण्यात आवाज सोडतं आणि परत आलेला ऐकतं. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो, त्यामुळे परतायला लागलेल्या वेळेवरून खोली निघते. मासा दिसतो तो मुख्यतः त्याच्या पोटातल्या हवेमुळे. मासोळी साफ करताना जो पांढरा फुगा निघतो, त्यावर आवाज आपटून परत येतो.

इथे एक गोष्ट घेण्याआधी समजून घ्या. आवाज खाली सुपासारखा पसरत जातो. २० अंशांच्या कोनाचं यंत्र असेल तर १० मीटर खोलीवर ते फक्त साडेतीन मीटर रुंदीचा गोल बघतं. धानाच्या एका बांधीत टॉर्च मारल्याएवढं. ५ मीटर पाण्यात तो गोल दोन मीटरही नसतो. म्हणजे यंत्र घेतलं तरी फिरावं लागतंच, आणि कुठे फिरायचं हे पुन्हा नकाशाच सांगतो. जास्त रुंद कोनाचं यंत्र जास्त जागा बघतं, पण त्यात मासा नेमका कुठल्या बाजूला आहे ते कळत नाही आणि कडेचा उतार पुसट होतो.

पडद्यावरची कमान म्हणजे मासाच असं धरू नका. कमान उमटते ती डोंगा किंवा मासा हलत असताना. उभ्या डोंग्याखाली थांबलेला मासा आडव्या रेघेसारखा दिसतो. बारीक मासोळीची दाट झुंड ढगासारखी दिसते. आपल्याकडे बुडालेल्या बाभळींच्या फांद्याही तशाच दिसतात, आणि पहिले पंधरा दिवस मी झाडांवरच गळ टाकत होतो. ओळखायची खूण अशी, की त्याच जागेवरून अर्ध्या तासानं पुन्हा जा. झाड तिथेच असतं.

यंत्रं दोन तऱ्हांची मिळतात. एक डोंग्याला बसवायचं, १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारं, स्वतःच्या पडद्याचं. दुसरं चेंडूसारखं, काठावरून दोरीनं फेकायचं आणि मोबाइलवर बघायचं. पोरांना दुसरं आवडतं कारण ते स्वस्त पडतं आणि डोंगा लागत नाही. मला विचाराल तर मी ते घेऊ नका म्हणेन. मे महिन्याच्या उन्हात मोबाइलचा पडदा दिसत नाही, मोबाइल तापून बंद पडतो, आणि चेंडू एकदा बुडालेल्या खोडात अडकला की पोहून जायचा मोह होतो. माझा अडकला होता. मी गेलो नाही, दोरी कापली. काठावरून फेकून पोचेल तेवढ्या पाण्यात झुंडीची कड क्वचितच असते, हे त्याहून मोठं कारण.

थराचं पाणी

यंत्राची खरी किंमत मला दुसऱ्याच ठिकाणी वसूल झालेली दिसली. उन्हाळ्यात खोल धरणात वरचं पाणी तापून हलकं होतं आणि खालचं गार, जड पाणी तसंच पडून राहतं. दोन्ही मिसळत नाहीत, त्यामुळे खालच्या पाण्यातला प्राणवायू संपत जातो. मग पाणी तीस हात खोल असलं तरी मासा वरच्या पंधरा-सोळा हातांतच असतो. त्याखाली गळ सोडणं म्हणजे रिकाम्या घरात हाक मारणं. चांगलं यंत्र हा थर पुसट पट्ट्यासारखा दाखवतं.

यंत्र नसेल तर बाटली वापरा. पाव लिटरची काचेची बाटली, तिला किलोभराचा दगड, तोंडाला घट्ट बूच आणि बुचाला वेगळी दोरी. हवी तेवढी खोल सोडायची आणि बुचाच्या दोरीला जोरात हिसका द्यायचा. वर आलेल्या पाण्यात लगेच थर्मामीटर बुडवा आणि वास घ्या. दर चार हातांवर हे करत गेलं की एका ठिकाणी पारा एकदम उतरतो, आणि त्याखालच्या पाण्याला कधी कधी सडक्या अंड्यासारखा वास येतो. मासा त्याच्या वर. थंडीत वरचं पाणी गार होऊन खाली बसतं आणि सगळं एक होतं, तेव्हा हा खटाटोप नको.

मग घ्यायचं काय?

तुम्ही मामा तलावावर किंवा बोडीवर (शेतातल्या छोट्या तळ्यावर) बसणार असाल तर यंत्राचा विचार सोडून द्या. जुने मालगुजारी तलाव उथळ असतात, खोल पाणी पाळीजवळ एवढं सगळ्या गावाला माहीत असतं, आणि कमळाच्या देठांत यंत्राचा पडदा भरून जातो. मरळ हवी असेल तर तीही खोलात नसते. ती वर येऊन हवा घेते आणि गवताच्या कडेला राहते.

धरणावर जाणार आणि डोंगा स्वतःचा नाही, तर पहिलं वर्ष दोरी, बाटली आणि नकाशा. खर्च पाचशेच्या आत होतो. वाचलेले पैसे डोंग्याच्या वाट्यात घाला. डोंगा आहे, आठवड्यातून तीन-चार दिवस पाण्यावर जाता आणि दोन-तीन कडा ठाऊक झाल्या आहेत, तर डोंग्याला बसवायचं साधं यंत्र जरूर घ्या. तेव्हा ते रोज दोन तास वाचवतं, कारण आज त्यांपैकी कुठल्या कडेवर झुंड आहे एवढंच त्याला विचारायचं असतं. गिलनेट लावणाऱ्यांनाही जाळं किती खोल सोडायचं ते त्यातून कळतं.

झुंड सापडल्यावर गळ कसा लावायचा हे माशावर आहे. कतल्याचं तोंड वर वळलेलं, म्हणून आमिष त्याच्या डोळ्याच्या थोडं वर टांगतं हवं. सरकता तरंग (फ्लोट) लावून, यंत्रानं किंवा बाटलीनं सांगितलेल्या खोलीला गाठ मारायची. भिजवलेली ढेप, धानाचा कोंडा आणि कणीक यांचा सैल गोळा पाण्यात विरघळत राहतो आणि कतला त्या धुरळ्यात येतो. पहाटे तो बराच वर असतो, उन्हं चढली की उतरतो, गाठही तशी सरकवा. मृगळाला तोच गोळा घट्ट करून तळाला. शिंगाडा हवा असेल तर रात्री, जुन्या पात्राच्या कडेला, जिवंत झिंगा लावून. बासच्या सगळ्यात जवळ जाणारी शिकार आपल्याकडे हीच, फक्त गळ काढताना त्याच्या पंखांच्या काट्यांपासून हात जपा.

बहुतेक धरणांचं आणि तलावांचं पाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्यानं असतं. आधी त्यांच्याकडे जा, जे शुल्क असेल ते भरा, पावती घ्या. त्या पाण्यावर त्यांची घरं चालतात. तोतलाडोहला जाऊच नका, ते पेंच व्याघ्र प्रकल्पात आहे आणि तिथे मासेमारीला बंदी आहे. पावसाळ्यात पुराच्या पाण्याबरोबर कतला-रोहू अंडी घालायला चढतात, तेव्हा गळ घरी ठेवा. गोसीखुर्दचे ३३ दरवाजे आहेत. ते उघडणार असल्याची दवंडी किंवा भोंगा ऐकला की खालच्या अंगाचं पात्र लगेच सोडा. आणि डोंग्यात प्रत्येकाला लाइफ जॅकेट, पट्टे बांधून. मे महिन्यातलं संध्याकाळचं वादळ दहा मिनिटांत येतं, आणि त्या वेळी आपण काठापासून सगळ्यात लांब, त्या कडेवरच असतो.