ब्रेक डिस्क: तशीच ठेवावी, लेथवर मारावी की नवी टाकावी?

ब्रेक पॅड संपले म्हणून गाडी जॅकवर चढते, चाक उतरतं आणि डिस्ककडे बघून कुणीतरी म्हणतं, "हीपण गेली." गेली म्हणजे नक्की किती गेली, हे मात्र क्वचितच कोणी मोजतं. चकचकीत दिसणारी डिस्क संपलेली असू शकते आणि गंजकट दिसणारी अजून बरीच चालू शकते. म्हणून तीन पर्यायांतला कुठलाही निवडण्याआधी मायक्रोमीटर, म्हणजे जाडी बारकाईने मोजायचं साधन, हातात घ्या.

डिस्क म्हणा की रोटर, वस्तू एकच: बीडाची चकती. पुढच्या चाकांना बहुधा दोन ताटल्या आणि मध्ये हवा खेळायला पोकळी अशी असते, मागे अनेकदा सलग. मधल्या टोपीवर किंवा कडेला किमान जाडीचा आकडा उमटवलेला असतो. नवी डिस्क 24 मिलिमीटरची असेल, तर हा आकडा बऱ्याचदा 22 असतो. म्हणजे झिजायला फक्त 2 मिलिमीटर, तेही दोन्ही बाजूंत वाटून.

साध्या व्हर्नियरने मोजाल तर फसाल. पॅड जिथे पोचत नाही त्या बाहेरच्या कडेला न झिजलेला, गंजलेला काठ उरतो. व्हर्नियरचे जबडे त्या काठावर टेकतात आणि डिस्क आहे त्याहून जाड दाखवतात. मायक्रोमीटर नसेल तर काठाच्या आत, दोन्ही बाजूंना एकेक सारखं नाणं धरून मोजा आणि नाण्यांची जाडी वजा करा. असं चार-सहा ठिकाणी मोजा आणि सगळ्यात लहान आकडा धरा.

इतक्याशा झिजेचं एवढं काय, असं वाटेल. हिशोब करून बघू. 1,500 किलोची गाडी ताशी 100 किलोमीटरवरून थांबवायची, तर सुमारे 580 किलोज्यूल ऊर्जेची उष्णता होते. पुढच्या एका डिस्कच्या वाट्याला साधारण एक तृतीयांश. डिस्क 7 किलोची असेल, तर एकाच थांब्यात तिचं तापमान 60 अंशांच्या आसपास वाढतं. लांब उतारावर हे पुन्हा पुन्हा होतं. आता मधली पोकळी वगळून दोन्ही ताटल्यांचं बीड मिळून समजा 14 मिलिमीटर आहे. त्यातले 2 गेले म्हणजे उष्णता साठवणारं सातवा हिस्सा बीड गेलं. शिवाय डिस्क पातळ आणि पॅडही संपत आलेले, असं असताना कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीच्या, पिस्टनला फारच बाहेर यावं लागतं.

पहिला पर्याय, डिस्क तशीच ठेवून नुसते पॅड टाकणं. कंपन नसेल आणि जाडी पुरेशी असेल, तर मला हाच सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. बारीक चरे पडलेत, नख अडकतंय, एवढ्यावरून डिस्क बाद करू नका; नवे पॅड त्या चऱ्यांत बसून जातात. पण पुरेशी म्हणजे किती? इथे शाळेतलं त्रैराशिक कामी येतं. पॅडच्या पहिल्या जोडीत डिस्क 0.8 मिलिमीटर झिजली आणि आता किमान आकड्याच्या वर फक्त 0.5 उरलंय, तर दुसरी जोडी संपायच्या आधीच डिस्क मर्यादेखाली जाईल. म्हणजे मध्येच पुन्हा सगळं उघडा. त्यापेक्षा आत्ताच बदललेली बरी.

लेथवर मारून घेण्याचं, म्हणजे यंत्रावर डिस्कचा पृष्ठभाग तासून घेण्याचं, आकर्षण उघड आहे: जुनीच डिस्क नव्यासारखी सपाट. पण लेथ डिस्कला काही देत नाही, असलेलंच काढून घेतो. प्रत्येक बाजूने 0.2-0.3 मिलिमीटर काढलं तरी मिळून अर्धा मिलिमीटर गेला, म्हणजे वर धरलेल्या 2 मिलिमीटरच्या पुंजीतला चौथा हिस्सा एका दुपारीत. मारून झाल्यावर उरणारी जाडी किमान आकड्याच्या बरीच वर असेल, तरच याचा विचार करावा. आणि डिस्कवर निळसर-काळे डाग असतील तर नकोच. प्रचंड तापल्यामुळे तिथल्या बीडाची घडण बदलून ते कडक झालेलं असतं. हा कडकपणा खोलवर जातो. लेथनंतर पृष्ठभाग सपाट दिसतो, पण थोड्याच दिवसांत आजूबाजूचं मऊ बीड झिजतं, डाग वर राहतो आणि थरथर परत येते.

थरथर हा तर स्वतंत्र विषय. ब्रेक दाबला की स्टेअरिंग हलतं किंवा पेडल पायाखाली उसळतं, आणि निदान ठरलेलं असतं: "डिस्क वाकडी झाली." खरं तर ती पोळीसारखी वाकलेली क्वचितच असते. बहुतेक वेळा तिची जाडी सगळीकडे सारखी नसते आणि त्यासाठी 0.02 मिलिमीटरचा फरकही पुरतो. याचं मूळ अनेकदा डिस्कमध्ये नसतंच, ते डिस्कमागच्या हबवर, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतं त्या फिरत्या भागावर, असतं. हबच्या तोंडावर गंजाची पापडी राहिली की डिस्क किंचित तिरकी बसते. हबच्या कडेला 0.03 चा तिरकेपणा असेल, तर दुप्पट व्यासाच्या डिस्कच्या कडेला तो 0.06 होतो. मग दर फेऱ्याला डिस्कची तीच जागा पॅडला चाटून जाते, कुठे बीड घासलं जातं, कुठे पॅडचा थर चिकटतो, आणि काही हजार किलोमीटरनंतर पाय सांगतो की काहीतरी बिघडलंय. मी एकदा कोऱ्या डिस्क हब न घासता चढवल्या होत्या. थरथर परत आल्यावर डिस्कलाच शिव्या दिल्या, चूक माझी होती.

म्हणून थरथरीसाठी डिस्क बदलत असाल किंवा लेथवर मारत असाल, तर हब आधी तारेच्या ब्रशने लख्ख करा. लेथचेही दोन प्रकार आहेत. डिस्क उतरवून मारली, तर ती लेथच्या मानाने सरळ होते, तुमच्या हबच्या मानाने होईलच असं नाही. गाडीवरच डिस्क बसलेली असताना मारणारं यंत्र मिळालं, तर हा तिढा सुटतो.

नवी कधी टाकायचीच? जाडी मर्यादेला टेकली, तडा कडेपर्यंत पोचला, किंवा पॅड संपून लोखंडावर लोखंड घासलं आणि खोल नाल्या पडल्या, तर चर्चा नको. बदलायची ती एकाच आसाच्या दोन्ही बाजूंना, नाहीतर ब्रेक एकीकडे ओढू शकतो. पॅडही नवेच हवेत. आतली बाजू वाकून नक्की बघा. बाहेरून छान दिसणारी डिस्क आतून खरवडलेली असते. तसं असेल तर कॅलिपरच्या सरकत्या पिना अडकल्यात का ते तपासा, नाहीतर नवी डिस्कही त्याच वाटेने जाईल. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांत उलटंच दुखणं: मोटरच गाडी हळू करते, डिस्क वापरलीच जात नाही आणि झिजण्याआधी गंजून बाद होते.

नव्यांत निवड करताना रोजच्या गाडीला साधी, चांगल्या प्रतीची डिस्क पुरते. जास्त कार्बनच्या बीडाची मिळाली तर उष्णता पसरायला आणि आवाज दबायला मदत होते. गंजरोधक मुलामा असलेली दमट हवेत बरी. भोकं पाडलेली दिसायला झकास, पण तडे भोकांपासूनच सुरू होतात. खाचांची डिस्क पॅड लवकर खाते आणि गुणगुणते. शर्यतीला जात नसाल तर दोन्ही सोडा.

बसवताना कॅलिपर नळीला लोंबकळत ठेवू नका, तारेने टांगा. मागे इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर आधी गाडी सर्व्हिस मोडमध्ये न्यावी लागते. पिस्टन मागे ढकलताना टाकीतलं ब्रेक ऑइल वर येतं, तिकडे लक्ष असू द्या. डिस्क नटांनी आवळून डायल गेज, म्हणजे फिरताना डिस्क किती डोलते ते काट्याने दाखवणारं मापक, लावा. काटा 0.05 च्या पलीकडे फिरला तर डिस्क एक भोक पुढे सरकवून पुन्हा बसवून बघा, पुष्कळदा तेवढ्यानेच जमतं. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क पान्ह्याने.

मग पॅड आणि डिस्क एकमेकांवर नीट बसावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर ताशी 60 किलोमीटरवरून 10 पर्यंत, पूर्ण न थांबता, दहा-एक वेळा मध्यम जोराने ब्रेक लावा आणि नंतर ब्रेक न लावता काही किलोमीटर गाडी चालवून डिस्क निवू द्या. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभं राहिलात, तर पॅडचा ठसा तिथेच उमटतो.