नैसर्गिक निवड शिकवायला काय घ्यावं: पतंग की फिंच?

दहावीला शिकवणाऱ्या एका ताईंना एकच उदाहरण निवडायचं आहे: इंग्लंडचा पेपर्ड मॉथ (रात्री उडणारा पतंग, म्हणजे कीटक) की गालापागोस बेटांवरचे फिंच पक्षी?

चटकन समजण्यात पतंग पुढे. कारखान्यांच्या धुराने काळवंडलेल्या खोडावर फिकट पतंग पक्ष्यांच्या नजरेत भरायचे, काळे वाचायचे. मँचेस्टरला १८४८ मध्ये काळा पतंग सापडला. १८९५ पर्यंत तिथले सुमारे ९८ टक्के काळे होते. पुढे हवा सुधारली आणि फिकट पुन्हा वाढले. आनुवंशिकताही सोपी, एकाच जनुकाची. वर्तमानपत्रावर हे कीटक कागदाचे करून पसरले आणि मुलांना पक्ष्यांसारखे वेचायला लावले की तासाभरात काम होतं.

फिंचला वेळ लागतो, पण पुरावा जास्त खोल आहे. गालापागोसमधल्या डॅफ्ने मेजर बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट या जीवशास्त्रज्ञांनी १९७३ पासून पक्ष्यांच्या पायात कडी घालून चोची मोजल्या. १९७७ च्या दुष्काळात बारीक बिया संपल्या. उरली आपल्या सराट्याच्या भाऊबंदातली टणक, काटेरी फळं. ती फोडू शकणारे जाड चोचीचे पक्षी जास्त तगले आणि त्यांची पिल्लंही जाड चोचीची निघाली. १९८३ च्या धुवाधार पावसानंतर बारीक बिया माजल्या, तेव्हा लहान चोच फायद्याची ठरली.

‘गरज पडली म्हणून पक्ष्याने चोच वाढवली’ हा मुलांचा हटकून होणारा गैरसमज इथेच सुटतो: एकाही पक्ष्याची चोच बदलली नाही, फक्त कोण उरलं ते बदललं. मला हे फार मोलाचं वाटतं.

एकच तास आणि मोठा वर्ग असेल तर पतंग घ्या. दोन-तीन तास मिळत असतील, मुलं प्रश्न विचारणारी असतील, तर फिंचच.